चारशे पानं आणि एक सर्दी

(रंगमंचावर टेबल, खुर्ची. लाल फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा. खुंटीला कापडी पिशवी. मुनीम येतो, गठ्ठ्याला नमस्कार करतो.)

मी औशाचा. आडत दुकानात मुनीम. दिवसा शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहितो. सोयाबीन इतके कट्टे, हमाली वजा, तोलाई वजा. रात्री कादंबरी लिहितो. दिवसाचं लिखाण लोक चार-चारदा वाचतात, उजेडात धरून वाचतात, त्यावरून भांडतात. रात्रीचं कुणी वाचत नाही.

हे खूळ कॉलेजात शिरलं. 'कोसला' 1963 साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, असं सरांनी सांगितलं. मी म्हणलं, मग आपल्याकडं अजून पाच वर्षं आहेत! (थांबून) आता पंचविशी माझ्या पोराला लागलीय.

घरात गोंधळ, म्हणून कागद घेऊन किल्ल्यात जाऊन बसलो. शेळ्या राखणारे एक आजोबा आले.

(काठी टेकल्याचा अभिनय) "मोजणीवाले हाव का?"

"नाही आजोबा, कादंबरी लिहितोय."

"त्यानं सातबाऱ्याला नाव लागतंय का?"

"नाही."

"मग कशाला उन्हात बसलाव?"

समीक्षा म्हणतात ती हीच!

2022 ला साहित्य संमेलन उदगीरला आलं. जिल्ह्यातच! गठ्ठा पिशवीत घातला आन एसटीनं गेलो. म्हणलं, ग्रंथप्रदर्शनात प्रकाशक गाठायचा. एका गाळ्यापुढं ही गर्दी! मला वाटलं, वाह, वाचक! जवळ गेलो तर प्रत्येकाच्या काखेत पिशवी, आन प्रत्येक पिशवीत गठ्ठा.

शेवटी एका प्रकाशकाचा फोन आला. (आवाज मऊ करून) "लेखन उत्तम आहे हं. आपण थोडं सहकार्य केलंत तर काढू." सहकार्य म्हणजे पैसे माझे, नाव त्यांचं, आन पाचशे प्रतींतल्या तीनशे मीच उचलायच्या. मी पडलो मुनीम. लगेच पट्टी मांडली. कागद वजा, छपाई वजा, वितरण वजा. अहो, भाव पडला तरी शेतकऱ्याच्या पट्टीत खाली बहुतेक वेळा काहीतरी उरतं. इथं माल माझा, आन देणंही मीच लागत होतो!

मग कळलं, राज्याचं साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं. अर्ज भरायला बसलो. बायको खांद्यावरून वाचूलालती. "नव-लेखक? आरशात बघा की एकदा!"

तिनं कादंबरी वाचली मात्र. सगळी. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंसोबत तूर निवडत बसली होती. काकूंनी विचारलं, "काय लिवलंय गं तुझ्या मालकानं?"

(मांडीवर सूप धरल्याचा अभिनय, खडा वेचून फेकत) "काय न्हाई ओ काकू. एक माणूस हाय. पुण्यात ऱ्हातोय. कामधंदा न्हाई. पावसात भिजतोय, सर्दी हुतीया, मग इचार करत बसतोय. चारशे पानं." (आणखी एक खडा फेकते) "आन पाऊस तरी किती! माझ्या माहेराला, लातूरला, 2016 ला मिरजेवरून रेल्वेनं पाणी आलं. ह्यांच्या कादंबरीत छत्र्याच छत्र्या!"

काकू हसून हसून लोळल्या. माझ्या पुस्तकाचा एवढा आनंद आजवर कुणाला झाला नव्हता.

रागारागात मी तिच्यापुढं 'पाचोळा' आपटली. म्हणलं, बघ! रा. रं. बोराडे. आपल्या लातूर तालुक्यातल्या काटगावचा माणूस. 1971 ची कादंबरी. शिंप्याची बायको पार्वती सगळं सांगते, आपल्याच बोलीत. कादंबरी ही अशी असती!

तिनं पुस्तक उलटंसुलटं बघितलं. "सांगितलं कुणी?"

"पार्वतीनं."

"मग वर नाव बोराड्यांचं कसं? तिला किती दिले?"

मी गप. असला प्रश्न आजवर एकाही परिसंवादात आलेला नाही.

म्हणली, "बसा. घ्या कागूद. मी सांगते, तुमी लिवा." आन सुरू झाली. "किल्लारीकडची माझी आत्या. त्र्याण्णवची गोष्ट. गणपती बुडवून लोक आले. आत्याचं आन सासूचं भांडण झालं. कशावरून, तर परसादातल्या खोबऱ्यावरून! आत्या रुसली. म्हणली, तुमच्या छताखाली झोपायची न्हाई. वाकळ उचलली आन अंगणात पडली. पहाटं चारच्या आत जमीन हालली. दगडामातीच्या भिंती, वर मातीचं माळवद, सगळं खाली बसलं. आत्या अंगणात. सासू आत."

(कागदावर भराभर लिहितो. हात थांबतो.) मंडळी, माझ्या हातातली पेन थरथरूलालती. म्हणलं, "मग? सासू?"

(सूप खाली ठेवत, उठत) "पुढचं उद्या. घरात भाजी न्हाई."

"अगं पण सासू वाचली का?"

"आधी शेपू आणा. आन वर नाव माझं. पैसे आगाऊ!"

(खुंटीवरची पिशवी झटकन काढतो. प्रेक्षकांकडं वळून) एवढी वर्षं लिहितोय, पण 'पुढं काय झालं' हे मला एकाही माणसानं विचारलं नाही. आज मीच विचारूलालोय, आन तेही बाजाराची पिशवी हातात धरून. (विंगेकडं जाता जाता, मोठ्यानं) अगं, शेपूची जुडी एक आणू का दोन? दोन आणल्या तर आजच सांगशील का?

(पडदा)