वॉर्डासाठी हातयंत्राची निवड

अमेरिकेत वैद्यकीय विद्यार्थ्याला साधारण तिसऱ्या वर्षी वर्गातून उचलून वॉर्डात सोडतात. 2000 सालाच्या आसपास तिथे त्याच्यापुढचा पहिला पेच रुग्णाच्या निदानाचा नसे. खिशात मावणारा संगणक म्हणून पाम घ्यावा की पॉकेट पीसी, हा असे. त्याची शास्त्रोक्त उकल पुढीलप्रमाणे.

प्रथम खिसा तपासावा. विद्यार्थ्याचा पांढरा कोट आखूड असतो. लांब कोट पदवीनंतर. या आखूड कोटात स्टेथोस्कोप, हातोडी, टॉर्च आणि सॅनफर्डची अँटिबायोटिकची पुस्तिका आधीच मुक्कामाला असतात. उरल्या जागेत मावेल ते यंत्र उत्तम. पामचे जनक जेफ हॉकिन्स यांनी यंत्र घडण्याआधी त्या मापाचा लाकडी ठोकळा खिशात वागवला होता आणि त्यावर लिहिण्याचा अभिनयही केला होता. काटकसरी विद्यार्थ्याने ठोकळ्याचाच विचार करावा. त्याला सेल लागत नाहीत आणि रेसिडेंटला लांबून फरक कळत नाही.

मग बॅटरी. पाम थ्रीएक्सई दोन ट्रिपल-ए सेलांवर काही आठवडे चालतो. कॉम्पॅकचा आयपॅक हा पॉकेट पीसी रंगीत आणि देखणा, पण नव्या जावयासारखा: रोज सरबराई हवी. दोघांचीही स्मृती विजेवर तगते. सेल पुरते उतरले, की नोंदवलेले सगळे रुग्ण एका क्षणात डिस्चार्ज होतात. तेव्हा कॉम्प्युटरशी रोज सिंक करावे. नाइट ड्यूटीच्या आधी तर नक्कीच.

पामवर ग्राफिटी लिपीत लिहावे लागते. तिच्यात इंग्रजी ‘ए’ची आडवी रेघ गाळतात, आणि अक्षर वळणदार नसेल तर यंत्र भलतेच वाचते. भावी डॉक्टरावर सुवाच्य अक्षराची सक्ती आयुष्यात पुन्हा होणार नाही.

इपॉक्रेट्स हा औषधकोश फुकट मिळतो आणि तो आधी पामवर आला, इथेच खरे तर निकाल लागतो. राउंडवर वरिष्ठांनी डोस विचारला की पाम बटण दाबताच जागा होतो. उत्तर सापडेपर्यंत शेजारच्याने ते तोंडपाठ सांगितलेले असते, हा यंत्राचा दोष मानू नये. मान खाली घालून पडदा टोचणारा विद्यार्थी डोस शोधतोय की पत्त्यांचा डाव लावतोय, हे वरिष्ठांना कळत नाही. ते वाईटच धरून चालतात. म्हणून कपाळाला आठ्या घालून टोचावे.

सर्जरीच्या पोस्टिंगला यंत्र लॉकरमध्ये ठेवावे. स्क्रबच्या छातीवरच्या खिशातून ते वाकताक्षणी निसटते, आणि निर्जंतुक पटावर पडलेल्या वस्तूच्या मालकाचे नाव सर्जन कधी विसरत नाहीत.