हरकतकाका

गृहनिर्माण सोसायटी मुंबईची असो, डोंबिवलीची असो की पुण्याची; चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार तिला निवडून आणावे लागतात. हरकतकाका आपोआप लाभतात. बहुधा बँकेतून नाहीतर सरकारी खात्यातून निवृत्त. बगलेत प्लॅस्टिकचं फोल्डर, त्यात २०१४च्या आदर्श उपविधींची झेरॉक्स आणि तिच्यावर पिवळ्या हायलायटरच्या रेघा. चेअरमननी हे उपविधी कधी उघडलेले नाहीत, हे काकांना ठाऊक असतं. चेअरमनना तर असतंच.

कुठला नियम लागू आणि कुठला गैरलागू, हे काका कितव्या मजल्यावर राहतात त्यावर ठरतं. तळमजल्यावर असतील तर त्यांचा विषय लिफ्ट. ‘जिच्यात मी पाय ठेवत नाही, तिच्या दुरुस्तीचे पैसे मी का भरू?’ उपविधी सांगतात, लिफ्टच्या देखभालीचा खर्च सगळ्यांना सारखा, कुणी वापरो वा न वापरो. नेमकं तेच पान काकांच्या झेरॉक्समध्ये पुसट आलेलं असतं.

सर्वांत वरच्या मजल्यावरच्या काकांना लिफ्टबद्दल काही म्हणायचं नसतं. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून छताचं प्लॅस्टर खराब झालं, तर ते सोसायटीने स्वखर्चाने करून द्यायचं, एवढं एकच कलम ते झोपेतसुद्धा म्हणून दाखवतील.

खरी कसोटी मधल्या मजल्यावरच्या काकांची, कारण त्यांना वरही शेजारी असतो आणि खालीही. वरच्यांच्या बाथरूममधून स्वतःच्या छताला ओल आली की तासाभरात प्लंबर, सेक्रेटरी आणि चार साक्षीदार गोळा. आतल्या गळतीचा खर्च ज्याचा त्याने करायचा, हा नियम तेव्हा मुखोद्गत. पुढच्या पावसाळ्यात काकांच्या बाथरूमखाली, खालच्या वहिनींच्या भिंतीला पोपडे धरतात. आता मात्र गळती ‘बाहेरच्या कॉमन पाइपची’, म्हणजे खर्च सोसायटीचा! खरं-खोटं करायची रीत अगदी सोपी आहे. नहाणी ट्रॅप बंद करायचा, फरशीवर पाणी भरायचं आणि एक-दोन दिवस खाली ओल वाढते का ते बघायचं. काकांची त्याला कधीच ना नसते. फक्त या आठवड्यात पाहुणे आहेत, पुढच्या आठवड्यात घरात सत्यनारायण आहे, आणि मग गणपती.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्या दिवशी काका आधी येऊन पहिल्या रांगेत बसतात आणि डोकी मोजतात. एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा २०, यांतला कमी आकडा भरला नाही तर सभा तहकूब. अर्ध्या तासाने तेच सभासद, त्याच खुर्च्यांवर, पुन्हा सभेला बसतात. तोवर समोसे गार होतात. मग मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जातं आणि त्यातल्या ‘सर्वानुमते’ या शब्दावर काकांची पहिली हरकत नोंदवली जाते.

कमिटीला ते नकोसे होतात यात नवल नाही. पण एक गोष्ट कमिटीवाले खासगीतच कबूल करतात. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी आलेली तीन कोटेशनं तीन वेगळ्या कंत्राटदारांची असूनही तिन्हीत एकच शब्द एकाच पद्धतीने चुकलेला आहे, हे शोधून काढतात ते काकाच. इमारतीला १५ वर्षं झाली की दर ५ वर्षांनी आणि ३० उलटली की दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, याची आठवणही तेच देतात. ते ऑडिट पार पडल्यावर ऑडिटर कुणी नेमला, यावर उपनिबंधकांकडे अर्जही तेच करतात. या अर्जाच्या धावपळीत मे महिना संपतो, काम राहतं आणि गच्चीवर निळी ताडपत्री चढते.

पैशांच्या बाबतीत त्यांचा हिशेब पक्का. निषेध म्हणून मेंटेनन्स थांबवायचा, पण तीन महिने होऊ द्यायचे नाहीत, कारण मग थकबाकीदार म्हणून नाव लागतं. थकलेल्या रकमेवर सोसायटी २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावू शकते, हेही त्यांना माहीत. म्हणून मुदत संपायच्या आत चेक येतो, सोबत तीन पानी पत्र, आणि वर लाल शाईत ‘अंडर प्रोटेस्ट’. पोच घेतल्याशिवाय ते जिना उतरत नाहीत.

‘काका, तुम्हीच या की कमिटीत,’ असं दर निवडणुकीला कुणीतरी म्हणतं. काका तब्येतीचं कारण सांगतात. तब्येत ठणठणीत असते. सहकार न्यायालयाचे जिने ते आजही न थांबता चढतात. उमेदवारी अर्ज त्यांनी एकदाही भरलेला नाही. दुसऱ्यांचे अर्ज नीट भरले आहेत की नाही, हे मात्र त्यांनी प्रत्येक निवडणुकीत तपासलेलं आहे.