दारातलं बाकडं

मराठी पाहुणा सोफ्यावर बसून काहीच बोलत नाही. तिथे तो पावसाची चौकशी करतो, पोहे संपवतो आणि ‘निघतो आता’ म्हणून उठतो. मग दारात एका पायात चप्पल सरकवल्यावर मूळ विषयाला हात घालतो. जमिनीची वाटणी, भाचीचं स्थळ, मेव्हण्याचं ऑपरेशन, सगळं एका पायावर! वाड्याला यासाठी ओटा होता, कोकणातल्या घराला पडवी होती. फ्लॅटला फक्त पायपुसणं असतं.

आईच्या गुडघ्यांना उभ्याने चपला घालणं जमेना, म्हणून दाराशी बाकडं करायचं ठरलं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये व्यापाऱ्याने बल्लारशाचं सागवान दाखवलं. ‘अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना हेच गेलंय!’ एवढ्या पुण्यवान लाकडावर बसून बुटाची नाडी बांधायची म्हणजे जिवावर आलं. चार फूट लांब, चौदा इंच रुंद, दीड फूट उंच बाकड्याला लाकूड लागतं जेमतेम एक घनफूट. भाव ऐकून मात्र मंदिराचीच वर्गणी भरतोय असं वाटलं.

सुतारकाका आठ सुतांचा इंच मानणारे. मी मिलिमीटर काढले की ते कानावरची पेन्सिल काढायचे, माझ्याकडे बघायचे आणि ती परत कानावर ठेवायचे. पायांचे सांधे त्यांनी खाच आणि कुसू करून बसवले, खिळा एकही नाही. वरची फळी मात्र घट्ट चिकटवू देईनात.

‘सागवान झालं तरी पावसाळ्यात रुंदीला फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. स्क्रूची भोकं लांबट ठेवतो. लाकूड हलतं, साहेब.’

लाकडाचं खरं असेल, पण त्यावर बसलेला माणूस हलत नाही. बाकडं आलं त्याच संध्याकाळी शेजारचे आप्पा ‘बसत नाही हं, किल्ली द्यायला आलो’ म्हणाले आणि बसले. सोसायटीच्या टाकीपासून निघाले ते १९७२च्या दुष्काळातल्या सुकडीपर्यंत पोचले. पूर्वी पाय अवघडला की विषय आपोआप आटपायचा. आता विषयांना सागवानी आधार मिळाला. आप्पांच्या मागोमाग इस्त्रीवाला टेकला, मग वॉचमन. हॉलमधला सोफा रिकामा आणि दारात सभा!

उरलेले पैसे न्यायला काका आले, तेव्हा मी गाऱ्हाणं घातलं. त्यांनी बाकड्याकडे कौतुकाने बघितलं.

‘दीड फुटावर माणूस टेकला की टेकलाच. चार इंच उंची वाढवू का? पाय लोंबकळले की आपोआप उठतील.’

‘उंचीला हात लावायचा नाही,’ आतून आईचा आवाज आला. ‘उलट समोर दुसरं करा. आप्पा बोलत बसतात आणि मला उभ्याने ऐकावं लागतं.’

काकांनी लगेच पेन्सिल काढली आणि मला न विचारता भिंतीवर माप लिहिलं.