प्रायोजक पती : पार्से परिसरातील एक नमुना

पेडणे तालुक्यातील पार्से, तुये, मांद्रे, आगरवाडा या पट्ट्यात अलीकडे पुरुषांचा एक नवा वर्ग उदयास आला असून, त्यास सोयीसाठी ‘प्रायोजक पती’ असे म्हणता येईल. प्रायोजक म्हणजे परदेशी सरकारपुढे दुसऱ्याच्या राहण्याखाण्याबद्दल जामीन राहणारा इसम. आणि हा दुसरा माणूस जेव्हा स्वतःची लग्नाची बायको असतो, तेव्हा त्या जामीनकीतून जो प्राणी घडतो, तो प्रस्तुत लेखाचा विषय होय. पूर्वी या भागातील माणूस मुंबईस जाई, बायको गावी राही आणि दोघांमधील नाते मनिऑर्डरीच्या पावतीवर निभावून जाई. त्या नात्याचा पुरावा कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

प्रायोजक पती कागदपत्रांच्या क्षेत्रात नवखा नसतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवण्याची वाट उपलब्ध असल्यामुळे, ज्यांची मजल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापलीकडे कधी गेली नाही अशा आपल्या वडिलांचा जन्म त्याने यापूर्वीच लिस्बनच्या दप्तरात नोंदवलेला असतो, आणि पाठोपाठ आईवडिलांचे लग्नही. त्या बळावर तो २०२० संपण्यापूर्वीच पोर्तुगीज होऊन इंग्लंडात स्विंडनसारख्या गावी एखाद्या गोदामात कामाला लागलेला असतो. पोर्तुगीज भाषेतील ‘ओब्रिगादो’ एवढा एक शब्द त्याला येतो, आणि तोही गोव्यातल्या एका बारच्या पाटीवरून.

अशा माणसाचे लग्न केव्हा झाले, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ठरलेल्या नियमांनुसार, ३१ डिसेंबर २०२० पूर्वी ज्यांचे नाते जुळलेले होते, त्यांच्या जोडीदारांना तुलनेने सुलभ आणि निःशुल्क वाट मिळाली. त्यानंतर बोहल्यावर चढलेल्यांना मात्र ब्रिटनच्या सर्वसाधारण नियमांची पायरी चढावी लागते, आणि ११ एप्रिल २०२४ पासून त्या पायरीची उंची प्रायोजकाचे वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड, म्हणजे तीस लाख रुपयांच्या वर, अशी ठेवण्यात आली आहे. (त्यापूर्वी, २०१२ पासून, ही रक्कम १८,६०० पौंड होती.) गुरुबळ, नाडी, मंगळ हे सारे भटजींनी बारकाईने पाहिले, परंतु ब्रेक्झिटची तिथी कोणत्याच पंचांगात नसल्यामुळे ‘चतुर्मास जाऊ दे, मग बघू’ असे म्हणणाऱ्या कित्येक वडीलधाऱ्यांनी नकळत आपल्या सुनेला महागात पाडले.

त्यातून गोव्यात लग्नाची तारीख एक नसते. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर १९१० च्या डिसेंबरात निघालेल्या विवाहविषयक कायद्याची परंपरा येथे आजही चालू असून, तीनुसार वधूवरांनी प्रथम सिव्हिल रजिस्ट्रारपुढे लग्नाचा इरादा जाहीर करून सही करायची, मग हरकतींसाठी नोटीस लागायची आणि कोणी हरकत न घेतल्यास ठरलेल्या मुदतीत दुसरी सही करायची, असा क्रम आहे. कायद्याने लग्न दुसऱ्या सहीला लागते, गावाच्या दृष्टीने ते अक्षता पडल्यावर लागते, आणि नवरामुलगा स्वतः मात्र पहिल्या सहीपासूनच सासुरवाडीस जेवायला जाऊ लागलेला असतो. अर्जात ‘विवाहाचा दिनांक’ या शीर्षकाखाली चौकट एकच असल्यामुळे प्रायोजक पती तिच्यापुढे बराच वेळ थबकतो. पुढे अल्बममधील तारीख आणि दाखल्यावरील तारीख वेगवेगळी का, याचे दोन पानी स्पष्टीकरण तो जोडतो, ज्यात घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचा सर्व धार्मिक तपशील येतो.

वधूच्या ओळखीचा प्रश्न याहून बिकट असतो. या पट्ट्यातील सोयरिकी सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले इकडे पूर्वापार जुळत आल्या असल्याने मुलीचा जन्मदाखला सिंधुदुर्गातील ग्रामपंचायतीचा, शाळा सोडल्याचा दाखला महाराष्ट्राचा आणि विवाहाचा दाखला गोव्याचा असतो. त्यात लग्नात ताटातील तांदळावर नवे नाव लिहिण्याची रीत पाळली गेली असेल, तर माहेरची सुलक्षणा सासरी सुप्रिया होते, आणि बापाचे नाव व आडनाव ही जोडीही बदलून नवऱ्याच्या खात्यात जमा होते. मग सुलक्षणा आणि सुप्रिया या दोन स्त्रिया नसून एकच व्यक्ती आहे, असे प्रतिज्ञापत्र करावे लागते. नोटरीने ते वाचून दाखवल्यावर सासूबाई ‘म्हणजे काय, दुसरी कोण असणार?’ असे विचारतात, आणि या प्रश्नाला कायदेशीर उत्तर नसते. या सर्व कागदांपैकी जे लिस्बनच्या नोंदीसाठी लागतात त्यांना अपोस्टिल, म्हणजे परदेशात दस्तऐवज खरा मानला जावा यासाठी लावला जाणारा शासकीय शिक्का, घ्यावा लागतो. भारत या व्यवस्थेत १४ जुलै २००५ पासून सामील आहे. प्रायोजक पतीच्या मनात मात्र हा शिक्का देवाच्या अंगाऱ्यासारखा असून, मिळेल त्या कागदाला तो लावून घ्यावा अशी त्याची धारणा असते. कोणी मागितलेला नसताना तो जमिनीचा एक-चौदाचा उताराही जोडतो, कारण पेडण्यात एक-चौदावर नाव असणे यापेक्षा मोठा सद्वर्तनाचा दाखला त्याला ठाऊक नाही.

परंतु या सर्वांहून खडतर कलम आहे ते नाते ‘खरे आणि चालू’ असल्याचे सिद्ध करण्याचे. ब्रिटनमध्ये एकेकाळी, विवाहाचा मुख्य हेतू स्थलांतर हा नव्हता, हे अर्जदारानेच सिद्ध करावे असा नियम होता आणि त्याचा जाच विशेषतः भारतीय उपखंडातील वरांना झाला. तो १९९७ मध्ये रद्द झाला, तरी शंकेखोरपणा काही रद्द झाला नाही. पुरावा म्हणून दोघांची छायाचित्रे मागितली जातात, आणि येथे असे उघडकीस येते की लग्नाच्या अल्बमात दोघांचे असे छायाचित्रच नाही. प्रत्येक चित्रात आत्या, मावशी, शेजारी, कोणाचे तरी रडणारे मूल आणि मध्यभागी काकांचे पोट आहे. कोजागिरीला पेडण्याच्या पुनवेच्या उत्सवात काढलेला एक फोटो सापडतो, पण त्या गर्दीत नवराबायको शोधण्यासाठी बाण काढून ‘पती’ आणि ‘पत्नी’ असे लिहावे लागते. शेवटी बिचारा सुट्टीवर येऊन मोरजीच्या किनाऱ्यावर बायकोच्या खांद्यावर हात ठेवतो, पुतण्या फोटो काढतो आणि तिघेही एकमेकांकडे न पाहता घरी परततात.

पत्रव्यवहाराचे तसेच. व्हॉट्सअॅपवरील संभाषणाची प्रत काढल्यावर दिसते ते असे : सकाळी गणपतीचे चित्र, दुपारी ‘जेवलंस?’, त्याला ‘जेवलंय’ हे उत्तर, मग ‘पाडेल्याचे पैसे दिले काय?’ आणि रात्री पुन्हा दत्ताचे चित्र. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. हे सर्व अधिकृत भाषांतरकाराकडून इंग्रजीत करून परदेशी पाठवले जाते, आणि तेथील अधिकाऱ्यास या दांपत्याच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा पुरुष हा पाडेलीच असावा असे वाटल्यास त्यास दोष देता येत नाही. वास्तविक या तीन ओळींत या भागातील संसार जेवढा आहे तेवढा कोणत्याही प्रेमपत्रात नसेल. पण ते सिद्ध करणारे कलम नियमावलीत नाही.

इंग्रजीच्या परीक्षेचा भाग आटोपशीर आहे. विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालयातून पदवी घेतलेली पत्नी ती प्राथमिक पातळीची परीक्षा सहज उत्तीर्ण होते. पोर्तुगीज पारपत्रामुळे अशी परीक्षा कधीच द्यावी न लागलेला पती मात्र तिला आदल्या रात्री फोनवर तयारी करून देतो, आणि त्याच्या व्याकरणातील चुका ती आदराने दुरुस्त करत नाही.

व्हिसा मिळाल्यावर फाइल फेकून दिली जाईल अशी अपेक्षा बाळगणे चूक ठरते. मुळात हा परवाना दोन वर्षे नऊ महिन्यांचा असून, मुदतवाढीच्या वेळी दोघे एकत्र राहत असल्याचे पुरावे, म्हणजे दोघांच्या नावे आलेली सरकारी वा बिलांची पत्रे, पुन्हा द्यावी लागतात. म्हणून बायको इंग्लंडात उतरल्याच्या पहिल्याच आठवड्यात प्रायोजक पती विजेचे, पाण्याचे आणि नगरपालिकेच्या कराचे बिल दोघांच्या नावे करून घेतो. गोव्याच्या कायद्याप्रमाणे, वेगळा करार केलेला नसल्यास, पत्नी त्याच्या मालमत्तेत तशीही निम्म्याची वाटेकरी असते, हे तो सर्वांना अभिमानाने सांगतो. बँकेचे खाते दोघांच्या नावे करण्याचे तेवढे त्याने पुढच्या वर्षावर टाकलेले असते.