कलम 185 यांस, नाक्यावरून

प्रति,
मा. कलम 185 साहेब,
मोटार वाहन कायदा, 1988,
मुक्काम : कायद्याचं पुस्तक.

विषय : आपण कनेरगाव नाक्यावर कधी येणार, याबाबत.

स. न. वि. वि.

आपली ओळख एकतर्फी आहे. मी आपल्याला वाचलंय, आपण मला पाहिलेलं नाही. जन्मभर शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झालो आणि आता नाक्यावर पोराच्या चहाच्या हॉटेलात गल्ल्यावर बसतो. गल्ल्याच्या उजव्या कप्प्यात पैसे असतात. डाव्या कप्प्यात काय असतं ते पत्राच्या शेवटी सांगेन, कारण त्याबाबत मला आपला सल्ला हवा आहे.

आधी गावाची माहिती देतो, म्हणजे येताना चुकायला नको. आमच्या गावाच्या नावातच नाका आहे. एके काळी इकडे निजामाचं राज्य संपायचं आणि पुढे वऱ्हाड लागायचं. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाचं राज्य गेलं, नाका तेवढा राहिला. आता अलीकडे हिंगोली जिल्हा आणि पलीकडे वाशिम, म्हणजे अलीकडे मराठवाडा आणि पलीकडे विदर्भ. अलीकडचा माणूस ‘कामून?’ विचारतो, पलीकडचा ‘काऊन?’ विचारतो. उत्तर दोघांनाही मिळत नाही. अकोल्याहून निघून थेट तेलंगणातल्या संगारेड्डीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 161 इथूनच जातो. हळदीचे ट्रक, सोयाबीनचे ट्रॅक्टर, काळीपिवळी, औंढ्या नागनाथाला निघालेल्या गाड्या, सगळं आमच्या डोळ्यांदेखत जातं. निजामाच्या करोडगिरी नाक्यांवर गाडीतला माल तपासायचे. आता तपासायचा माल गाडीत नसतो, गाडी चालवणाऱ्याच्या पोटात असतो, आणि तपासणारं कुणी नसतं. हद्दीवर राहण्याचे फायदेही आहेत. प्यायचं विदर्भात आणि पडायचं मराठवाड्यात, अशी सोय फार थोड्या गावांना असते.

गावाचं नाव नाका असलं तरी नाकाबंदी मात्र आम्ही वर्षातून दोनदाच पाहतो, एकदा 31 डिसेंबरला आणि एकदा धुळवडीला. उरलेले 363 दिवस नाका आपला उघडा. या दोन दिवशी पिणारा घरी पितो, कारण त्याला तारखा पाठ असतात. एकदा मी नाक्यावरच्या एका शिपायाला विचारलं, “दादा, ते फुंकायचं यंत्र कुठंय?” तो म्हणाला, “गुर्जी, ते साहेबाच्या गाडीत असतंय.” साहेबांची गाडी कुठंय, हे मी विचारलं नाही. यंत्र नसलं की नाकाने काम भागवतात. ‘आ करा, हा करा’ म्हणायचं आणि वास घ्यायचा. त्यामुळे आमच्याकडे पिणाऱ्यांचा सगळा अभ्यास वास लपवण्याचा आहे. बडीशेप, वेलदोडा, कच्चा कांदा, पेरूचा पाला. रात्री साडेदहानंतर कुणी हॉटेलात येऊन “गुर्जी, कडक, आलं जास्त” म्हणाला की मी आधी रस्त्याकडे बघतो, याची गाडी कोणती ते.

आपल्या यंत्राला हा पाला चालत नाही, एवढं मला ठाऊक आहे. दारू पोटातून रक्तात जाते, रक्त फुफ्फुसात येतं आणि तिथून ती श्वासातून बाहेर पडते. वेलदोडा बिचारा तोंडातच थांबतो. चहाने झोप उडते, दारू उतरत नाही. यकृत आपल्या चालीनेच चालतं, त्याला आलं जास्त घातल्याने घाई होत नाही. शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा झाला, असं आपण म्हणता. माणूस सरळ चालत होता की झोकांड्या खात होता, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. हे मला फार आवडलं. परीक्षा अशीच हवी, अक्षर न बघता घ्यायची. पण परीक्षक आलाच नाही तर उत्तम प्रश्नपत्रिकेचं करायचं काय?

मराठीचा शिक्षक असल्यामुळे आपलं व्याकरणही तपासलं, राग नसावा. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. ‘किंवा’ हे विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय. आठवीतल्या पोरांना मी सांगायचो की हे लहान अव्यय आहे, याला घाबरू नका. आता कळतं की घाबरायचं नव्हे, आधाराला धरायचं अव्यय आहे. कैद आणि दंड यांच्यामध्ये ते जे उभं आहे, त्याच्या सावलीत सगळा महाराष्ट्र विसावला आहे. 1988 मध्ये आपला दंड दोन हजार होता, 2019 च्या दुरुस्तीने दहा हजार झाला. पाचपट! महिने मात्र सहाचे सहाच. महागाई रुपयाला लागते, तुरुंगाला लागत नाही, असं दिसतं. एक मात्र मान्य करतो, आपण जागेवर पावती फाडून मिटत नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते. त्यामुळे आपण येण्याऐवजी आपल्या नावाने दुसरंच कुणीतरी येऊन जातं आणि पावतीशिवाय मिटवतं, अशी नाक्यावर चर्चा आहे. चर्चाच आहे, मी काही पाहिलेलं नाही. मी गल्ल्यावर असतो.

आपली धाकटी बहीण कलम 199-अ मात्र व्याकरणाला पक्की आहे. अल्पवयीन पोराने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद ‘आणि’ पंचवीस हजार दंड. समुच्चयबोधक! शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. बाल न्याय कायद्यातलं आपलं चुलत नातलग, कलम 77, त्याहून करारी. मुलाच्या हातात दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.

आता नाक्यावरचं एक चित्र सांगतो. नववीतलं पोरगं, पाय जमिनीला जेमतेम टेकतात, मोटारसायकलवर येतं. काकाने पाठवलेलं. दुकानातून पव्वा घेतं, खिशात घालतं, “गुर्जी नमस्कार” म्हणतं आणि वळतं. संस्काराचं पोर आहे. मी बसल्या बसल्या हिशेब केला. काकाला तीन वर्षं, दुकानदाराला सात वर्षं, दंडाचे मिळून सव्वा लाख, गाडी वर्षभर घरात. आणि पव्वा किती रुपयांचा? एवढं सगळं नाक्यावर पाच मिनिटांत घडलं आणि कुणाचं काहीच बिघडलं नाही. तुमचं सगळं घराणं समोरून गेलं, पण ओळख दाखवली नाही.

याच पोराचं पुढचं आयुष्य कायद्याने कसं आखलंय ते बघा. अठराव्या वर्षी मत देता येईल. एकविसाव्या वर्षी सरपंच होता येईल, लग्न करता येईल आणि बियर पिता येईल. कडक दारूला आमच्या राज्यात पंचवीस वर्षं लागतात. आमदारकीलाही पंचवीसच. हा योगायोग आहे की अनुभवाचे बोल, हे मी ठरवू शकत नाही. 199-अ मध्ये सापडलेल्या पोराला लायसनही पंचविशीलाच मिळणार. म्हणजे पंचविसाव्या वाढदिवशी सरकार त्याच्या एका हातात लायसन आणि दुसऱ्या हातात ग्लास देणार. मुहूर्त असा जुळवून आणायला पत्रिका बघणारा चांगला हवा.

ग्लास तरी बिनपरवान्याचा म्हणावा तर तसंही नाही. आमच्या राज्यात दारू पिण्यावर बंदी आहे, हे आमच्या पिणाऱ्यांना सांगितलं की ते हसून खुर्चीवरून पडतात. 1949 चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. त्या आजोबांच्या नियमाने प्रत्येक पिणाऱ्याकडे परवाना हवा. बंदीच्या कायद्याखाली ज्या खात्याचा कारभार चालतो त्याचं नाव राज्य उत्पादन शुल्क. बंदीतून उत्पादन आणि उत्पादनातून शुल्क, असा हा विठ्ठल विठ्ठल म्हणत कोंबडी सोलण्याचा कार्यक्रम. आजवर आमच्या हॉटेलसमोरून परवाना खिशात घालून डुलत गेलेला माणूस मी एकही पाहिलेला नाही.

महामार्गाचंही असंच. 15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूचं दुकान नको. पुढच्या मार्चअखेर ठरलं, वीस हजारांच्या आतल्या वस्तीला 220 मीटर पुरे. जुलै 2017 मध्ये खुलासा आला की शहरांच्या हद्दीत हे लागू नाही, आणि 2018 मध्ये ग्रामपंचायतींचं काय ते राज्यांनी बघावं असं झालं. केरळातल्या एका बारवाल्याने तर दाराशी भिंतींचा चक्रव्यूह बांधला, जेणेकरून रस्ता तिथंच राहिला तरी चालत यायचं अंतर वाढावं. अभिमन्यूला आत जाता येत होतं, बाहेर पडता येत नव्हतं. इथं आत जाणाऱ्याला चालवून मग बाहेर पडताना चालवायला गाडी दिली. आमच्या बायामाणसांना हे इंच-टेपाचं राजकारण कळत नाही. त्यांना ‘आडवी बाटली’ कळते. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी बाटली आडवी केली तर दुकान बंद. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त. एवढी मतं कुणी आमदाराकडून मागितली असती तर विधानसभा अर्धी रिकामी राहिली असती.

साहेब, इथवर थट्टा केली. पुण्याचं लिहिताना हात जरा अडतो.

19 मे 2024 ची पहाट. कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शे गाडीने मोटारसायकलवरच्या दोघांना उडवलं. दोघंही मध्य प्रदेशातून आलेली, इंजिनीअर, चोवीस-चोवीस वर्षांची. ज्या वयात आमचं राज्य व्हिस्कीचा परवानासुद्धा देत नाही, त्या वयात ती गेली. गाडीची नोंदणी झालेली नव्हती, कारण 1,758 रुपये फी भरायची राहिली होती. बारचं बिल मात्र 48 हजारांचं भरलेलं होतं, असं पोलिसांनीच सांगितलं. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला आणि अटींमध्ये एक अट घातली, अपघातावर 300 शब्दांचा निबंध. पुढे मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांना अटक झाली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे नमुन्याच्या बाटलीत आईचं रक्त होतं. लोक खवळल्यावर मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, जूनमध्ये उच्च न्यायालयाने सोडलं. 2025 मध्ये, त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली. निबंध जुलै 2024 मध्ये सादर झाल्याचं पेपरात वाचलं.

मी गृहपाठ न आणणाऱ्याला 500 शब्दांचा निबंध द्यायचो. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय की मी त्या पोरांशी फार कडक वागलो. दोनशे शब्द जास्त. त्यांतली कित्येक आता हायवेवर ट्रक चालवतात, चहाला थांबतात, मी त्यांच्याकडून पैसे घेत नाही. आणि तपासणारा म्हणून एक कुतूहल आहे. तो निबंध तपासला कुणी? शुद्धलेखनाचे गुण कापले का? ‘मी पाहिलेला अपघात’ असा विषय होता, की ‘मी केलेला’? मुद्दे दिले होते का?

मुंबईत कार्टर रोडवर नोव्हेंबर 2006 मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. चालवणाऱ्याच्या रक्तात 112 मिलिग्रॅम होतं, म्हणजे आपल्या मर्यादेच्या जवळपास चौपट. खालच्या कोर्टाने सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने तीन वर्षं केली, सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ती कायम ठेवली. सात जणांना तीन वर्षं. भागाकार मी केला नाही, मी मराठीचा.

लोक म्हणतात, शिक्षा वाढवा, दहा वर्षं करा, फाशी द्या. नाक्यावर बसून मला ते पटत नाही. माझ्या वर्गात जी पोरं अभ्यास करायची ती छडीच्या लांबीला भिऊन करत नव्हती. गुर्जी वही बघतात, रोज बघतात, सगळ्यांची बघतात, एवढंच त्यांना माहीत होतं. आपले सहा महिने पुष्कळ झाले. दहा हजारही पुष्कळ, आमच्याकडे दहा हजार म्हणजे सोयाबीनची काही पोती. फक्त मंगळवारी या. कोणत्याही साध्या मंगळवारी, अंधार पडल्यावर, यंत्र घेऊन. सणावाराची वाट बघू नका.

तोवर डाव्या कप्प्याचं बघू. झोकांड्या खाणारा ओळखीचा कुणी गाडीला किक मारायला लागला की मी उठतो, “बापू, जरा दाखव रे चावी” म्हणतो आणि ती कप्प्यात टाकतो. तो शिव्या देतो. “म्या पेलोच नाई, गुर्जी,” म्हणतो. मग बाकावर झोपतो, सकाळी खाली मान घालून चावी नेतो, कधी चहाचे पैसे देऊन. परवा एकाने चढलेल्या आवाजात मला कायदा शिकवला. दुसऱ्याच्या गाडीची चावी घेणं ही चोरी, म्हणाला, आणि चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मी रात्री पुस्तक काढून बघितलं. चोरीला खरोखर तीन वर्षं आहेत, फक्त हेतू लबाडीचा हवा. म्हणजे चावी फिरवणाऱ्याला सहा महिने आणि काढून घेणाऱ्याला, हेतू सिद्ध झाला तर, तीन वर्षं. माझा हेतू लबाडीचा आहे की नाही, हे सिद्ध करायला त्या वेळी शुद्धीत असलेला साक्षीदार मी कुठून आणू? तरी आपलं मत कळवावं.

आपला,
गल्ल्यावर बसणारा एक मराठीचा शिक्षक,
कनेरगाव नाका.

ता. क. : हे पत्र दीड हजार शब्दांच्या आसपास भरलंय. पुण्याच्या भावाने पाच प्रकरणांचा निबंध झाला. तो माझ्या नावावर आगाऊ जमा धरावा. कप्प्यात या क्षणी चार चाव्या आहेत, आणि पाचवा आत्ताच “कडक, आलं जास्त” म्हणाला.