राजाबाईकडे दाखवलेलं बोट

मुंबईच्या फोर्ट भागात हिरवळ आहे, हे प्रस्तुत लेखकाला नोकरीच्या सगळ्या वर्षांत ठाऊक होतं. तिच्यावर बूड टेकता येतं, हे निवृत्तीनंतर कळलं. डोंबिवलीहून धावत येणाऱ्या माणसाच्या लेखी मैदान म्हणजे तिरकं कापून गेलं की लेटमार्क वाचवणारी जागा. त्यामुळे "हिरवळीवर चालत जा, पोट उतरेल" असं डॉक्टरांनी सांगताच त्याने घरात जाहीर केलं, की येत्या रविवारी आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, हॉर्निमन सर्कल आणि दम उरल्यास मलबार हिलचं हँगिंग गार्डन असा भव्य दौरा निघेल. सौ. नी यादी वाचली आणि थालीपिठं वाढवली. त्यांचा लेखकाच्या चालण्यावर विश्वास नाही, भुकेवर आहे.

ही सगळी मैदानं मुळात एकच. फोर्ट या नावातला किल्ला खरोखरचा होता आणि त्याच्या तटासमोर एस्प्लनेड नावाचा मोठा टापू मोकळा राखला होता. कुणी तिथे डबा उघडावा म्हणून नव्हे, तर शत्रू चालून आला तर तोफा डागताना मधे कुणाची घरं नकोत म्हणून. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत तट पाडले गेले, रस्ते आखले गेले आणि टापूचे जे तुकडे उरले त्यांना आज आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज म्हणतात. थोडक्यात, दक्षिण मुंबईला ही हवा भीतीपोटी मिळाली. हे ऐकून सौ. म्हणाल्या, "मग डोंबिवलीवर कुणी तोफा का नाही रोखल्या?"

आझाद मैदानात लेखकाने टोपी काढली. १९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या दोन पोरांनी इथे ६६४ धावांची भागी केली होती. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. समोरच्या शाळेच्या गोलंदाजांबद्दल लेखकाला तेव्हापासून जिव्हाळा वाटत आला आहे. त्या दिवसांत त्यांच्या आयांनी संध्याकाळी दारात काय विचारलं असेल?

याच मैदानात मार्च २०१८ मध्ये नाशिकहून पायी निघालेले शेतकरी येऊन बसले होते. शेवटचा टप्पा ते रात्रीतून चालले, कारण सकाळी दहावीची परीक्षा होती आणि मोर्चामुळे पोरांची गाडी चुकायला नको होती. कित्येकांच्या पायांची सालं निघाली होती. ते आठवून सौ. म्हणाल्या, "आणि तुम्हाला स्टेशनपासून इथवर येताना दोनदा बसावं लागलं." दौऱ्यातला हा मुक्काम आटोपता घेण्यात आला.

क्रॉस मैदानात मोठा पोलादी चरखा आहे. शेजारी खाऊ गल्ली आहे. चरख्याकडे एकट्या सौ. नी पाहिलं.

आता ओव्हल.

ओव्हल मैदान सुमारे २२ एकर आहे आणि त्याच्यासारखी बैठक जगात फार ठिकाणी नाही. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर अशी व्हिक्टोरियन गॉथिक मंडळी दाढीमिशा राखून उभी. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर उठलेल्या गुळगुळीत आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये युनेस्कोने दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा ठरवलं. मधल्या गवतावर कोण काय करतं याची नोंद युनेस्कोने ठेवली असेल का, याची लेखकाला शंका आहे. ती ठेवायला हवी होती. रविवारी सकाळी तिथे एकाच वेळी इतक्या मॅचेस चालू असतात, की एका मॅचचा लाँगऑन दुसऱ्या मॅचच्या गलीत उभा असतो आणि तिसऱ्या मॅचचा चेंडू अडवतो. तरीही प्रत्येकाला आपला चेंडू कोणता ते कळतं. हे कौशल्य कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत.

सौ. नी कडेच्या झाडाखाली चादर अंथरली. लेखक आडवा होणार, एवढ्यात एक घामाघूम कॅप्टन पुढे आला.

"काका, दोन मिनिटं अंपायरला उभे राहाल? आमचा अंपायर नाश्त्याला गेलाय."

लेखकाने पोटाकडे बोट केलं. "त्याचा काही प्रॉब्लेम नाही काका," कॅप्टन म्हणाला, "अंपायरला पळायचं नसतं." निवृत्तीनंतर लेखकाच्या पात्रतेबद्दल इतक्या खात्रीने कुणी बोललं नव्हतं. तो उठला. पुढच्या मिनिटाला त्याच्या डोक्यावर तीन टोप्या, कमरेला दोन स्वेटर, खिशात चार मोबाइल आणि मनगटावर दुसऱ्याचं घड्याळ आलं. अंपायर म्हणजे मैदानातली चालतीबोलती खुंटी, हे त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय ही मॅच वडापावची होती: हरणाऱ्यांनी दोन्ही संघांना खायला घालायचं. म्हणजे अंपायर नाश्त्याला गेला होता आणि इथे नाश्त्याचाच निकाल लागायचा होता.

पहिली काही मिनिटं बरी गेली. शेजारच्या मॅचमधला एक चेंडू त्याने वाइड दिला, पण तो तसा होताच. मग उन्हं वर आली आणि दुरून सौं.चा आवाज आला: "अहो, घड्याळाचा तो मनोरा म्हणजे राजाबाई टॉवर ना?"

आता हा प्रश्न लेखकाला विचारावा म्हणजे काय! प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने पैसे दिले, आईचं नाव दिलं. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने लंडनमध्ये बसून आराखडा काढला. १८७८ मध्ये बांधून झाला. उंची २८० फूट. एवढं सगळं लेखकाच्या ओठांवर आलं आणि तेच दाखवण्यासाठी त्याने उजव्या हाताची तर्जनी टॉवरच्या टोकाकडे सरळ वर केली.

नेमक्या त्याच क्षणी विकेटकीपर ओरडला होता, "हाउज दॅट!"

पुढचं वर्णन करायला एक वकील लागेल, आणि रविवार असल्यामुळे समोरचं हायकोर्ट बंद होतं. फलंदाज हडकुळा, सोळा-सतरा वर्षांचा. त्याने ऑफच्या बाहेरचा चेंडू कट करायला बॅट फिरवली होती. बॅट आणि चेंडू यांच्यामध्ये, फलंदाजाच्या बाजूच्या मते, बेस्टची बस गेली असती. गोलंदाजाच्या बाजूला मात्र असा स्पष्ट आवाज ऐकू आला होता, जो शेजारच्या तीन मॅचेसमध्येही पोहोचला. लाँगऑन आले, गली आली, ज्यांचा काही संबंध नाही असे दोन यष्टिरक्षक आले. "अंपायरने बोट केलंय, विषय संपला." "काकांनी टॉवर दाखवला रे!" "टॉवर दाखवताना अख्खा हात जातो, हे बोटच होतं." "मग काकूंना विचारा." काकूंना विचारण्यात आलं. काकू म्हणाल्या, "आमच्याकडे यांनी एकदा बोट वर केलं की खाली येत नाही." ही साक्ष कुणाच्या बाजूने आहे, यावर पुन्हा भांडण लागलं.

लेखक ठाम राहिला. अंपायरने निर्णय फिरवला तर खेळाचं काय, वगैरे. खरं म्हणजे इतक्या माणसांनी एकत्र येऊन त्याचं मत विचारण्याची वेळ फार दिवसांनी आली होती.

या जमिनीवर असा तंटा काही पहिला नाही. १८८० च्या दशकात एस्प्लनेडवर क्रिकेट खेळणारी देशी पोरं एकीकडे आणि घोड्यांवरून पोलो खेळणारे गोरे साहेब दुसरीकडे, असा झगडा जुंपला होता. टापांनी मैदान उखडायचं आणि त्यावर चेंडू कुठल्या कुठे उसळायचा. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने पुढाकार घेऊन सरकारदरबारी अर्ज केले होते. साहेबांकडे स्वतःचं जिमखान्याचं मैदान असताना पोरांच्या मैदानात घोडे का, असा त्याचा साधा सवाल होता. प्रस्तुत प्रकरणात घोडा नव्हता, पण लेखकाच्या वजनाने खेळपट्टीच्या कडेला खड्डा पडल्याची तक्रार एका क्षेत्ररक्षकाने नोंदवली.

अखेर खरा अंपायर ढेकर देत परतला. लेखकाच्या अंगावरचे कपडे, टोप्या, मोबाइल उतरवून घेण्यात आले. त्याला एकदम थंडी वाजली.

झाडाखाली येऊन पाहतो तो बाद झालेला पोरगा सौं.च्या शेजारी बसून थालीपीठ खात होता. लोण्याच्या डब्याशी त्याची एव्हाना ओळख झाली होती. तो नालासोपाऱ्याहून पहिल्या गाड्यांपैकी एकीने किटबॅग घेऊन आलेला. चिडला नव्हता. लेखकाला म्हणाला, "कट आज तिसऱ्यांदाच खेळलो काका. आमच्या गल्लीत ऑफला गाड्या पार्क असतात ना. ऑफला मारला की आउट, काच फुटली की घरी मार. मग सगळे शॉट लेगलाच बसले. ऑफ साइड शिकायला इथे येतो."

लेखकाच्या घशात थालीपीठ अडकलं. सौ. नी पाणी पुढे केलं आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. हे त्यांच्याबाबतीत विरळा.

लेखकाला राग येतो तो अशा वेळी. मोकळी जागा दिसली की 'पडीक आहे, काहीतरी उभारू या' म्हणणारी एक जमात या शहरात आहे. तिला कुणी सांगावं, की या पोराची अर्धी बॅटिंग इथे राहते? ओव्हलचीही एकदा दैना झाली होती. १९९० च्या दशकात आजूबाजूच्या रहिवाशांनी संघटना करून न्यायालयात धाव घेतली, मैदानाची देखभाल अंगावर घेतली, तेव्हा ते पुन्हा मैदानासारखं दिसू लागलं. मैदानाच्या काठावर हायकोर्ट असण्याचा इतका नेमका उपयोग क्वचितच झाला असेल. आणि पाऊस? तो आला तरी ही मंडळी घरी जात नाहीत. १९४८ पासून कांगा लीग मुद्दाम पावसाळ्यात खेळवतात. चिखलात टप्पा खाऊन चेंडू कुठे जाईल हे गोलंदाजालाही ठाऊक नसतं. तिथे अंपायरिंग करणाऱ्यांचे पुतळे उभारायला हवेत, असं लेखकाचं आता प्रामाणिक मत आहे.

पोरगा हात पुसून उठला. त्याचा संघ हरत होता, म्हणजे वडापावचे पैसे त्याच्याही खिशातून जाणार. लेखकाने खिशात हात घातला. "नको काका," तो म्हणाला, "पुढच्या रविवारी येताय ना अंपायरला? तेव्हा बघून घेऊ." यात आमंत्रण किती आणि धमकी किती, ते स्पष्ट झालं नाही.

हँगिंग गार्डन रद्द करण्यात आलं. ते १८८१ मध्ये शहराच्या पाण्याच्या टाकीवर माती पसरून केलं, ही माहिती सौ. ना बसल्या जागी देण्यात आली. त्यांनीही ती बसल्या जागीच घेतली.

हॉर्निमन सर्कलपर्यंत मात्र दोघं पोहोचली, हुतात्मा चौकावरून, सावली धरत. एके काळी इथे बॉम्बे ग्रीन होतं आणि त्यावर कापसाच्या गासड्यांचे ढीग लागत. १८७२ मध्ये भोवतीचं वर्तुळ बांधून पूर्ण झालं आणि मधे बाग आली. नाव आधी एलफिन्स्टनचं, मग 'बॉम्बे क्रॉनिकल'च्या हॉर्निमन नावाच्या संपादकाचं. हा इंग्रज असून इंग्रज सरकारने १९१९ मध्ये त्याला हद्दपार केलं, कारण तो भारतीयांच्या बाजूने लिहीत असे. बागेतल्या बाकावर सौ. नी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि कुंपणापलीकडे मान वळवली.

"अहो, त्या पांढऱ्या खांबांच्या, पायऱ्यांच्या इमारतीला काय म्हणतात?"

शेजारच्या गवतावर दोन मुलं प्लॅस्टिकच्या बॅटने खेळत होती. लेखकाने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले आणि १८३३ चा टाउन हॉल हनुवटीने दाखवला.