दुरुस्तीतील मोटारीचे सुरक्षाशास्त्र

पांढरकवड्याजवळ महामार्गावर रोह्याला, म्हणजे नीलगायीला, धडकलेली मोटार यवतमाळच्या गॅरेजात बंपरची वाट पाहत महिनोन्महिने उभी राहते, यास दिरंगाई म्हणणे अज्ञानाचे लक्षण होय. कारण तेवढा काळ तिला दुसरा अपघात संभवत नाही. साध्या पॉलिसीत घसारा, म्हणजे जुनेपणापोटी भरपाईतून होणारी कपात, प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के असल्याने बंपरचा निम्मा खर्च सोसून मालकासही विमाकार्यात सहभागाचा मान लाभतो. ‘नो क्लेम बोनस’, अर्थात दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, पाच दावारहित वर्षांत ५० टक्क्यांवर पोहोचते व एकाच दाव्याने शून्यावर येते. तेव्हा नवी मोटार शोरूममधून थेट गॅरेजात न्यावी, हेच शास्त्रशुद्ध ठरते. पॉलिसीच्या नूतनीकरणाची आठवण तेवढी वेळेवर येते, कारण तिला सुटा भाग लागत नाही.